चेंबरचा नट: एका छोट्या भोकाचा इतिहास

अंकुशनगरात व्याख्यान म्हटल्यावर विषय उसाचा, सहकाराचा नाहीतर जायकवाडीच्या पाण्याचा असणार, असं तुम्हांला वाटलं असेल. मी मात्र एका नटाबद्दल बोलणार आहे. गाडीखाली उताणं पडल्याशिवाय तो दिसत नाही.

इथं हा नट कुणाला परका नाही. ट्रॅक्टरच्या इंजिनाला खाली ड्रेन नट असतो, गिअरबॉक्सच्या पोटाला असतो. गळीत हंगाम संपला, डबल ट्रॉली सुटली, की घमेलं खाली सरकवायचं, नट सोडायचा आणि काळं तेल गळेपर्यंत चहा प्यायचा. कारखान्यातल्या मोठ्या गिअरबॉक्सचं तेलसुद्धा खालूनच सोडतात. तेल जिथं साठतं, तिथं खाली बाहेर पडायची वाट ठेवायची, इतकी ही साधी अक्कल आहे.

मग ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या कितीतरी गाड्यांना हा नट का नव्हता? आणि लोकांनी तो लेथवाल्याकडून परत का बसवून घेतला?

सुरुवातीला नट होता. 1939 च्या शेवटी अमेरिकेत जनरल मोटर्सनं ओल्ड्समोबाइल गाडीत हायड्रामॅटिक हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दिला. जादा किंमत 57 डॉलर. पुढं महायुद्धात हाच गिअरबॉक्स हलक्या रणगाड्यांतही गेला. त्याच्या चेंबरला, म्हणजे खालच्या तेलाच्या पत्र्याच्या परातीला, नट होता. इंजिनाची ताकद तेलातून पुढं देणारा जो पंख्यांचा डबा असतो, त्यालाही वेगळा नट होता. दोन्ही सोडले की जवळजवळ सगळं तेल बाहेर यायचं. बनवणाऱ्यांनी गृहीतच धरलं होतं की तेल जुनं होणार आणि कुणीतरी ते बदलणार.

मग हळूहळू नट गेला. साठ-सत्तरच्या दशकांत अमेरिकेत लाखोंनी खपलेल्या टर्बो-हायड्रामॅटिकच्या चेंबरला नट नाही. फोर्डच्या सी-फोरमध्ये तर तेल भरायची नळी चेंबरलाच जोडलेली. ती सोडली की तेल खाली. क्रायस्लरनं पंख्यांच्या डब्याचा नट बरीच वर्षं ठेवला, पण तोही सत्तरच्या दशकात गेला.

कंपनीची बाजूही ऐकायला हवी. फिल्टर चेंबरच्या आत असतो. तो बदलायचा तर चेंबर उघडावाच लागतो, मग नट कशाला? शिवाय प्रत्येक भोक म्हणजे गळतीची एक जागा. नट जास्त आवळला तर आटे जातात आणि तक्रार कंपनीकडे येते. त्यातला फिल्टरचा मुद्दा मला प्रामाणिक वाटतो. चेंबर उघडला की तळाचं चुंबक दिसतं. त्यावर बारीक राखाडी चिखल असेल तर ठीक, लोखंडाचे तुकडे असतील तर गिअरबॉक्स शेवटाला आलाय. नुसता नट सोडणाऱ्याला हे कधीच कळत नाही.

पण हे गणित कारखान्यातलं. जमिनीवर पडून ते बोल्ट सोडणाऱ्याचं गणित वेगळं असतं. तेरा-चौदा बोल्ट सोडायचे, एक कोपरा आधी खाली करायचा, आणि तीन-चार लिटर गरम लाल तेल घमेल्यात कमी आणि कोपरापर्यंत जास्त येतं. (हशा) हसू नका, मी स्वतः आंघोळ केली आहे. म्हणून काम पुढं ढकललं जातं. एक हंगाम, दोन हंगाम, मग कायमचंच.

आता आपल्याकडचं बघू. जनरल मोटर्सनं 1928 साली मुंबईत शिवडीला गाड्यांची जुळणी सुरू केली होती. 1954 मध्ये ती बंद झाली. साखरेच्या गावात सांगायलाच हवं, की कुर्ल्यात क्रायस्लरच्या गाड्या जोडणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली ती सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी, म्हणजे वालचंदनगरचा साखर कारखाना उभारणाऱ्या माणसानंच. पण पुढं चार दशकं आपल्या रस्त्यांवर फियाट आणि अँबॅसिडर. त्यांचे गिअर हातानं टाकायचे. आपले मिस्त्री या गाड्यांत पटाईत झाले, पण ऑटोमॅटिकचं पोट उघडायची वेळच एका पिढीवर आली नाही. 2014 मध्ये सेलेरिओबरोबर एएमटी आली, पण ती वेगळी गोष्ट. ती साध्याच गिअरबॉक्सची बहीण, क्लच दाबणारा पाय तेवढा यंत्राचा.

त्यामुळं जुनी, खरी ऑटोमॅटिक गाडी मराठवाड्यात आली की पंचाईत व्हायची. माझ्याकडं अशी एक होती. एका सर्व्हिस सेंटरनं सांगितलं, "साहेब, हे तेल लाइफटाइम आहे." मी विचारलं, लाइफ कुणाचं, माझं की गाडीचं? उत्तर मिळालं नाही. मिस्त्रींमध्ये एक जुना ठोकताळा आहे: तेल 80 अंशांच्या आसपास राहिलं तर खूप टिकतं, आणि त्यावर दर 10-11 अंशांना त्याचं आयुष्य निम्मं होतं. आपला मे महिना आणि घाटातली चढण धरा, मग लाइफटाइम किती उरलं ते तुम्हीच काढा.

शेवटी जालन्यातल्या एका लेथवाल्यानं नट बसवून दिला. जालना लोखंडाचं गाव, तिथं पत्र्याला भोक पाडायला कुणी घाबरत नाही. पण त्यानं घाई केली नाही. चेंबरचा पत्रा पातळ, त्यात आटे धरणार नाहीत, म्हणून आतून आटे पाडलेलं जाड बूच झाळायचं ठरलं. आधी जागा. सगळ्यात खोल भाग हवा, पण रस्त्यावरचा दगड लागेल असा नको. आतल्या फिल्टरला बूच अडेल का हे बघायला त्यानं कणकेचा गोळा ठेवून चेंबर वर दाबून बघितला. गोळा किती चपटा झाला त्यावरून जागा किती ते कळलं. झाळताना पत्रा वाकू नये म्हणून चेंबर जाड प्लेटवर बोल्टांनी आवळला, कारण कडा वाकडी झाली तर पॅकिंग कितीही चांगलं घाला, गळतंच. मग त्यात रॉकेल ओतून रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवला. सकाळी कागद कोरडा. मग नट, तांब्याचा वायसर आणि धुणं. लोखंडाचा एक कीस जरी आत राहिला, तर व्हॉल्व्ह अडकतो आणि सगळा खर्च पाण्यात.

ज्यांना झाळायचं नाही ते भोक पाडून पोकळ बोल्ट दोन वायसरांमध्ये आवळतात. तसे तयार संच मिळतात. पण बोल्टाचं डोकं आतून थोडं वर राहतं, म्हणजे तळाचं तेल, अगदी घाण तेल, तिथंच बसतं. मला झाळकाम पसंत आहे.

एक भ्रम मात्र नको. नट सोडला म्हणजे सगळं तेल निघालं, असं नाही. जुन्या तीन गिअरच्या मोठ्या गिअरबॉक्समध्ये एकूण 9-10 लिटर तेल, चेंबरातून येतं साधारण तिसरा हिस्सा किंवा थोडं जास्त. बाकीचं पंख्यांच्या डब्यात. म्हणून आमचा लेथवाला सांगायचा, दोन-तीनदा बदला, मध्ये थोडी गाडी फिरवा. आणि फिल्टरसाठी मधूनमधून चेंबर उघडाच.

तेलाबद्दलही थोडं. 1949 मध्ये जनरल मोटर्सनं टाइप ए नावाचा नमुना ठरवला. त्या काळच्या अशा तेलांत स्पर्म व्हेल माशाचं तेल मिसळलेलं असे, क्लचच्या चकत्या झटका न देता धरायला मदत व्हावी म्हणून. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेनं व्हेलला कायद्याचं संरक्षण दिलं आणि रसायनवाल्यांना पर्याय शोधावे लागले. गाडीचं तेल समुद्रातल्या प्राण्यावर अवलंबून होतं, हे ऐकल्यावर मी दोन दिवस कुणाकुणाला सांगत फिरत होतो.

आज मोठ्या गाड्यांना गिअरबॉक्स पुरवणारी जर्मनीची झेडएफ कंपनी स्वतः म्हणते, 80,000 ते 1,20,000 किलोमीटरला किंवा आठ वर्षांनी तेल बदला. त्याच गिअरबॉक्सच्या काही गाड्यांचे विक्रेते म्हणतात लाइफटाइम. कुणाचं ऐकायचं?

मागून हात वर आलाय. काय म्हणता? प्लास्टिकच्या चेंबरला कसं झाळायचं? झाळायचं नाही, दादा. झेडएफच्या प्लास्टिकच्या चेंबरला नट असतोच, आणि फिल्टर चेंबरातच बसवलेला, म्हणजे अख्खा चेंबरच बदलायचा. आटे प्लास्टिकचे आहेत, तेव्हा ट्रॅक्टरचा पाना लावून ताकद दाखवू नका.