वाफेतली ठिणगी

"गुरुजी, रात्री अंधारात स्वेटर काढताना चटचट ठिणग्या का उडतात?" एका थंडीत वर्गातल्या एका मुलाने मला विचारले. धडा भूगोलाचा चालला होता. "गप्प बैस!" मी म्हणालो. घरी जाताना मात्र मला इंग्लंडातल्या एका एंजिनवाल्याची आठवण झाली आणि मनाला चुटपुट लागली.

गोष्ट १८४० सालची. व्हिक्टोरिया राणी गादीवर येऊन तीन वर्षे झाली होती. न्यूकॅसल शहराजवळच्या सेगहिल येथे एका एंजिनाच्या बॉयलरमधून, सुरक्षा-झडपेपाशी, वाफ गळत होती. एंजिनवाल्याचा एक हात त्या वाफेत होता. दुसरा हात त्याने झडपेच्या दांड्याकडे नेला, तो काय! बोट आणि दांडा यांच्यामध्ये लखकन ठिणगी पडली आणि हाताला सणसणीत झटका बसला.

ही हकीकत विल्यम आर्मस्ट्राँग या तरुण वकिलाच्या कानी गेली. अडाण्याला भास झाला, असे म्हणून त्याने ती उडवून लावली नाही. तो स्वतः त्या बॉयलरपाशी गेला, वाफेत हात धरला आणि ठिणगी अनुभवली. मग त्याने ते सारे प्रख्यात शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे यांना लिहून कळवले.

वाफेत वीज आली कोठून? पाण्याची वाफ होतानाच ती उपजत असेल, हा तर्क कोणालाही सुचावा. परंतु १८४३ मध्ये फॅरडेंनी प्रयोगांनी दाखवून दिले, की निव्वळ कोरड्या वाफेत वीज नसते. वाफेबरोबर पाण्याचे बारीक थेंब तोटीला घासून बाहेर पडतात आणि त्या घर्षणाने वीज निर्माण होते. रेशमाने काच घासावी, तसाच हा प्रकार!

आर्मस्ट्राँगने मग एक अजब यंत्रच बनवले. वीज जमिनीत निसटू नये म्हणून बॉयलर काचेच्या पायांवर उभा केला आणि वाफ लाकडी अस्तराच्या तोट्यांतून जोराने सोडली. लंडनच्या पॉलिटेक्निक संस्थेत लोकांनी या जातीच्या यंत्राच्या २२ इंच लांबीच्या ठिणग्या पाहिल्या. १८४६ साली हा वकील रॉयल सोसायटीचा सभासद झाला.

पुढे वकिली सुटली. पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या याऱ्या आणि तोफा यांच्या कारखान्याने त्याला अमाप संपत्ती मिळवून दिली, लॉर्ड ही पदवीही मिळाली. पण ती ठिणगी त्याच्या मनातून विझली नाही. १८७८ मध्ये त्याने क्रॅगसाइड येथील आपल्या वाड्यात पाण्याच्या शक्तीवर विजेचा दिवा लावला. १८९७ मध्ये, वयाच्या सत्त्याऐंशीच्या सुमारास, हवेत आणि पाण्यात वीज कशी धावते यावर छायाचित्रांसह ग्रंथ प्रसिद्ध केला. १९०० च्या डिसेंबरात तो वारला.

त्या म्हाताऱ्याने तोफा ओतल्या, हे मी विसरत नाही. तरी एका मजुराच्या झटक्याची त्याने साठ वर्षे कदर केली, हेही खरे.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला उभे केले. तो बिचारा छडीच्या भीतीने हात पुढे करूनच उभा राहिला. मी म्हटले, "हात खाली घे. तुझा कालचा प्रश्न पुन्हा विचार, सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असा."