एरंडेल, हवा आणि मामाचं इंजिन

मामाचं इंजिन साडेसहा सीसीचं आहे, मुठीत मावतं. एनसीसीच्या एअर विंगमध्ये असताना त्याला मॉडेल विमानांचा नाद लागला. पुढे नाद सुटला, इंजिन राहिलं. गेल्या हिवाळ्यात ते माझ्या हातात देताना तो एवढंच म्हणाला, "तापू देऊ नकोस."

मी पडलो सॉफ्टवेअरवाला. थ्रीडी प्रिंटरवर एक देखणं काउलिंग छापलं: पुढे मोठ्ठं तोंड, मागे बोटभर फट. इंधनही एरंडेल नसलेलं, 'स्वच्छ' जळणारं आणलं. मुळशीत, भात कापून झालेल्या खाचरांवर, तिसऱ्या फेरीत इंजिन किंचाळलं आणि गप्प झालं. विमान कसंबसं धसकटांत उतरवलं. पंखा हातानं हलेना.

त्या रात्री वाचत बसलो, तेव्हा कळलं की माझ्या दोन्ही चुका विमानाइतक्याच जुन्या आहेत.

1909 च्या सुमारास फ्रान्समधल्या सेगँ बंधूंचं 'नोम' इंजिन आलं. सात सिलिंडर, पन्नास हॉर्सपॉवर, आणि क्रँकशाफ्ट स्थिर ठेवून अख्खं इंजिनच पंख्याबरोबर गरगर फिरायचं! विमान जमिनीवर उभं असलं तरी फिन्सना वारा मिळायचा. त्यात पेट्रोल क्रँककेसमधूनच जायचं, म्हणून साधं खनिज तेल त्यात विरघळून पातळ व्हायचं. एरंडेल तसं सहज विरघळत नाही, शिवाय भयंकर तापलं तरी धातूला चिकटून राहतं. ते न जळता बाहेर उडायचं, वैमानिकाच्या तोंडावर. त्यांची पोटं बिघडायची म्हणतात. लहानपणी आजीनं एरंडेल पाजलेल्या माणसाला हे पटवून द्यावं लागत नाही. 'कॅस्ट्रॉल' हे नावही एरंडेलाच्या इंग्रजी नावावरूनच आलं.

पुढे फिरती इंजिनं मागे पडली. स्थिर इंजिनाचे उघडे सिलिंडर थंड राहायचे, पण वाऱ्याला फार अडवायचे. अमेरिकेत 'नाका' या संस्थेत फ्रेड वाइक आणि सहकाऱ्यांनी 1928 मध्ये त्यावर काउलिंग बसवून दाखवलं. वाऱ्याचा अडथळा घटला, आणि इंजिनही थंड राहिलं. कारण नुसती भरपूर हवा आत घेऊन भागत नाही. ती फिन्सना घासून गेली पाहिजे. आणि तापून फुगलेल्या हवेला बाहेर पडायला आत येण्यापेक्षा मोठी वाट लागते. माझ्या काउलिंगचं नेमकं उलटं होतं.

आपल्या छोट्या इंजिनांची गोष्ट 1947 मध्ये बदलली. रे आर्डेन यांचा ग्लो प्लग बाजारात आला. प्लॅटिनमच्या तारेवर मिथेनॉल पेटत राहतं. सुरू झाल्यावर बॅटरी, कॉइल काही नको. मिथेनॉलचं वजनाला वजन बाष्पीभवन होताना पेट्रोलच्या जवळपास तिप्पट उष्णता शोषली जाते, आणि ते लागतंही दुपटीहून जास्त. म्हणजे या इंजिनात इंधन हेच अर्धं कूलंट. सुई आवळून इंधन कमी केलं की आवाज मस्त चढतो, पण कूलंटही तोडलेलं असतं. त्यात हवेत गेल्यावर पंख्यावरचा भार हलका होऊन फेरे आणखी वाढतात. म्हणून जमिनीवर सुई थोडी सैलच ठेवायची.

इंजिन उघडलं. पिस्टनवर ओरखडे होते, पण वाचला. काउलिंगची मागची वाट आता पुढच्या तोंडाच्या दुप्पट आहे, आत सिलिंडरला बिलगून प्लॅस्टिकचा पडदा आहे. इंधनात वीस टक्के तेल, त्यातलं निम्मं एरंडेल.

परवा मामालाही मुळशीला नेलं. इंजिन सुरू होताच त्यानं न विचारता सुई दोन खटके सैल केली, मागे निघालेली पांढरी रेघ बघितली आणि नाक वर करून वास घेतला.

"हां," म्हणाला, "आता सोड."