परकीयांना प्रवेशबंदी : अमेरिकी अध्यक्षांचे अधिकार आणि कायद्याची चौकट

अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी १९ सप्टेंबर २०२५ रोजी एका उद्घोषणेवर स्वाक्षरी केली आणि एच-१बी व्हिसाच्या नव्या अर्जासाठी एक लाख डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे ८८ लाख रुपये, भरण्याची अट घातली. दोनच दिवसांत ती अमलातही आली. या व्हिसाच्या मंजूर अर्जांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक अर्ज भारतात जन्मलेल्यांचे असतात. त्यामुळे पुण्या-मुंबईतील अनेक घरांत त्या आठवड्यात काळजीचे वातावरण होते. सुटीवर आलेल्या मुलाला परत जाता येईल की नाही, येथपर्यंत शंका निघाल्या. ही अट केवळ नव्या अर्जांना लागू आहे, जुन्या व्हिसाधारकांना नाही, असा खुलासा तेथील प्रशासनाने दुसऱ्या दिवशी केला, तेव्हा ती धास्ती काहीशी कमी झाली.

या निमित्ताने एक मूलभूत प्रश्न मात्र पुढे आला. ना विधेयक, ना संसदेत चर्चा. एका व्यक्तीच्या सहीने हजारोंचा मार्ग रोखला जाऊ शकतो काय? अमेरिकी कायद्याचे उत्तर असे, की बऱ्याच अंशी रोखला जाऊ शकतो. परंतु हा अधिकार अध्यक्षांना प्रामुख्याने संसदेने कायद्याद्वारे दिलेला आहे. त्याच्या मर्यादाही मुख्यत्वे तेथूनच येतात. सव्वाशेहून अधिक वर्षांच्या न्यायनिर्णयांतून या मर्यादा कशा घडत गेल्या, हे पाहण्याजोगे आहे.

अधिकाराचा उगम

अमेरिकी राज्यघटनेत परदेशस्थांच्या प्रवेशाविषयी स्पष्ट तरतूद नाही. नागरिकत्व देण्याचे समान नियम करण्याचा अधिकार घटनेने संसदेला, म्हणजे काँग्रेसला दिला आहे. प्रवेश रोखण्याचा अधिकार मात्र न्यायालयाने राष्ट्राच्या सार्वभौमत्वातून काढला. १८८२ साली चिनी मजुरांना बंदी करणारा कायदा झाला. त्यापूर्वीपासून राहणाऱ्या मजुरांना मायदेशी जाऊन परत येण्यासाठी प्रमाणपत्र मिळत असे. चे चान पिंग हा सॅन फ्रान्सिस्कोत बारा वर्षे राहिलेला मजूर १८८७ मध्ये असे प्रमाणपत्र घेऊन चीनला गेला. ऑक्टोबर १८८८ मध्ये त्याचे जहाज परत बंदराला लागण्यापूर्वी आठवडाभर आधी नव्या कायद्याने ती सर्व प्रमाणपत्रे रद्दबातल ठरली होती. १८८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्याविरुद्ध एकमुखी निकाल दिला. परकीयांना दाराबाहेर ठेवण्याचा अधिकार सार्वभौम राष्ट्राला आहेच आणि तो कसा वापरावा हे ठरवणे राजकीय संस्थांचे काम आहे, असे न्यायालयाने म्हटले. न्यायालयाने या क्षेत्रात शक्यतो हस्तक्षेप करू नये, ही परंपरा येथून सुरू झाली.

ही परंपरा किती कठोर होऊ शकते याचे उदाहरण एलेन नॉफ यांचे. जर्मनीत जन्मलेल्या आणि एका माजी अमेरिकी सैनिकाशी विवाह केलेल्या या महिलेला १९४८ मध्ये न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर अडवण्यात आले. कारण गोपनीय, सुनावणी नाही. १९५० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी सरकारची बाजू उचलून धरली. संसदेने जी कार्यपद्धती ठरवली असेल तीच प्रवेश नाकारलेल्या परकीयाच्या बाबतीत योग्य प्रक्रिया समजावी, असा त्या निकालाचा आशय होता. पुढे जनमताच्या दबावाने त्यांना सुनावणी मिळाली. तेव्हा त्यांच्याविरुद्धचा पुरावा ऐकीव असल्याचे अपील मंडळाला आढळले आणि १९५१ मध्ये त्यांना प्रवेश देण्यात आला. न्यायालयाने जी सुनावणी आवश्यक मानली नव्हती, तिच्यामुळेच सत्य बाहेर आले.

कलम २१२ (एफ)

१९५२ च्या स्थलांतर व नागरिकत्व कायद्यातील कलम २१२ (एफ) हे आजच्या बहुतेक आदेशांचे मूळ आहे. कोणत्याही परकीयांचा वा परकीयांच्या एखाद्या वर्गाचा प्रवेश अमेरिकेच्या हितास बाधक ठरेल असे अध्यक्षांना आढळल्यास, त्यांना योग्य वाटेल त्या मुदतीसाठी तो प्रवेश स्थगित करता येतो किंवा त्यावर निर्बंध घालता येतात, असे हे कलम सांगते. ‘हितास बाधक’ याची व्याख्या कायद्यात नाही. १९८१ मध्ये अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी हैतीहून बोटींतून येणाऱ्यांना भर समुद्रात अडवण्यासाठी याच कलमाचा आधार घेतला. पुढे चालू राहिलेल्या या धोरणास १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मताने मान्यता दिली.

या कलमाची खरी कसोटी लागली ती २०१७ मध्ये. त्या वर्षी २७ जानेवारीला ट्रम्प यांनी इराण, इराक, लिबिया, सोमालिया, सुदान, सीरिया आणि येमेन या सात देशांच्या नागरिकांना ९० दिवस प्रवेशबंदी केली. विमाने आकाशात असतानाच आदेश लागू झाल्याने विमानतळांवर गोंधळ माजला. ग्रीन कार्डधारकही अडकले. आठवडाभरात सिएटल येथील जिल्हा न्यायालयाने आदेशाला देशभर स्थगिती दिली आणि अपील न्यायालयाने ती उठवण्यास नकार दिला. अध्यक्षांचा असा निर्णय न्यायालयाला तपासताच येणार नाही, हा सरकारचा युक्तिवाद अपील न्यायालयाने फेटाळला.

सरकारने त्यानंतर आदेश दोनदा बदलला. सप्टेंबर २०१७ च्या तिसऱ्या आदेशात देशनिहाय आढावा घेतल्याचे नमूद होते, देशांची यादी बदलली होती आणि सवलतीची तरतूदही होती. २६ जून २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी हा आदेश वैध ठरवला. सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांच्या मते या कलमाचा शब्दन् शब्द अध्यक्षांच्या निर्णयाला मान देणारा आहे. ट्रम्प यांची मुस्लिमांविषयीची निवडणूक प्रचारातील वक्तव्ये न्यायालयासमोर होती. तथापि सुरक्षेचे सकृद्दर्शनी पटण्याजोगे कारण दिसत असल्यास न्यायालयाने त्यापलीकडे जाऊ नये, असे बहुमताने ठरवले. न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर यांनी तीव्र शब्दांत मतभेद नोंदवला. अध्यक्ष जो बायडेन यांनी जानेवारी २०२१ मध्ये ही बंदी उठवली. जून २०२५ मध्ये ट्रम्प यांनी बारा देशांवर पूर्ण व सात देशांवर अंशतः अशी नवी बंदी घातली आणि डिसेंबरमध्ये ती यादी आणखी वाढवली.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. पहिला आदेश न्यायालयात टिकला नाही आणि तिसरा टिकला. मधल्या काळात न्यायालयांच्या दबावामुळेच सरकारला कारणे लिहून द्यावी लागली, ग्रीन कार्डधारकांना वगळावे लागले आणि व्याप्ती ठरवावी लागली. अंतिम निकाल सरकारच्या बाजूने लागला तरी मधली लढाई निष्फळ ठरली नाही.

पहिली मर्यादा : अन्य कायदे

अधिकार कायद्याने दिलेला असल्याने दुसऱ्या कायद्याचा भंग करून तो वापरता येत नाही. १९५२ च्या पोलाद कारखाना खटल्यात न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन यांनी मांडलेले सूत्र येथे लागू पडते : संसदेच्या संमतीने वागताना अध्यक्षांचे बळ सर्वाधिक असते आणि तिच्या इच्छेविरुद्ध वागताना ते सर्वांत कमी असते.

याचा प्रत्यय २०१८ मध्येच आला. मेक्सिकोच्या सीमेवरील अधिकृत नाका टाळून आलेल्यांना आश्रय मिळणार नाही, असा आदेश त्या नोव्हेंबरमध्ये निघाला. आश्रयाविषयीचा कायदा मात्र सांगतो, की अमेरिकेच्या भूमीवर पोहोचलेल्या कोणालाही, तो नाक्यावरून आलेला असो वा नसो, अर्ज करता येतो. कॅलिफोर्नियातील जिल्हा न्यायालयाने आदेश रोखला आणि २१ डिसेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही ही स्थगिती पाच विरुद्ध चार मतांनी कायम ठेवली. निर्णायक मत होते ते रॉबर्ट्स यांचेच. सहा महिन्यांच्या आत त्याच न्यायालयाने एक आदेश तारला आणि दुसरा अडवला. पहिल्याच्या आड स्पष्ट कायदा येत नव्हता, दुसऱ्याच्या आड येत होता, असे या फरकाचे स्पष्टीकरण देता येते. २० जानेवारी २०२५ च्या उद्घोषणेने आश्रयाचा मार्ग जवळपास बंद केला, तेव्हाही वॉशिंग्टनच्या जिल्हा न्यायालयाने जुलैमध्ये असाच निर्णय दिला : कलम २१२ (एफ) मुळे संसदेने ठरवलेल्या प्रक्रियेच्या जागी अध्यक्षांना स्वतःची प्रक्रिया आणता येत नाही. सरकारने त्याविरुद्ध अपील केले.

दुसरी मर्यादा : कारणे आणि कार्यपद्धती

१९४६ च्या प्रशासकीय कार्यपद्धती कायद्यानुसार सरकारी खात्यांचे निर्णय मनमानी असता कामा नयेत. बालपणी आईवडिलांबरोबर बेकायदा आलेल्या तरुणांना देशात राहू देणारी, २०१२ मध्ये अध्यक्ष बराक ओबामा यांच्या काळात सुरू झालेली योजना ट्रम्प प्रशासनाने २०१७ मध्ये गुंडाळली. योजना रद्द करण्याचा अधिकार सरकारला आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने जून २०२० मध्ये मान्य केले. परंतु तिच्यावर विसंबून शिक्षण, नोकरी व संसार उभारलेल्या सुमारे सात लाख तरुणांचे काय, याचा विचार झाला नसल्याने रद्द करण्याची पद्धत बेकायदा ठरवली. हा कायदा खात्यांना बांधतो. थेट अध्यक्षांना लागू होत नाही. म्हणूनच अलीकडे बरेच निर्णय खात्याच्या नियमाऐवजी अध्यक्षीय उद्घोषणेच्या रूपाने येतात.

तिसरी मर्यादा : उंबरठ्याच्या आत

परकीय व्यक्ती कोठे उभी आहे, यावर तिचे संरक्षण अवलंबून असते. दाराबाहेर असलेल्याला ते अत्यल्प. आत आलेल्याला मात्र घटनेचा आधार मिळतो, कारण घटनेतील संबंधित तरतुदी ‘नागरिक’ नव्हे तर ‘व्यक्ती’ हा शब्द वापरतात. १८८६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतील चिनी धोब्यांच्या खटल्यात समान संरक्षणाचे तत्त्व परकीयांनाही लागू झाले. १९०३ मध्ये एका जपानी तरुणीच्या प्रकरणात, देशात आलेल्याला म्हणणे मांडू दिल्याविना हाकलता येणार नाही, असे तत्त्व मान्य झाले. तिचा दावा मात्र फेटाळला गेला. १९८२ मध्ये परदेशातून परतणाऱ्या कायम रहिवाशालाही योग्य प्रक्रियेचा हक्क मिळाला. २००१ मध्ये, हद्दपारीचा आदेश होऊनही कोणताच देश स्वीकारत नसलेल्यांना अनिश्चित काळ डांबून ठेवता येणार नाही, असे ठरले आणि सहा महिने ही सर्वसाधारण मर्यादा घालण्यात आली.

मार्च २०२५ मध्ये व्हेनेझुएलाच्या नागरिकांना हाकलण्यासाठी १७९८ चा शत्रुदेशीय परकीयांविषयीचा कायदा वापरण्यात आला. त्यापूर्वी तो केवळ तीन युद्धांत वापरला गेला होता. या प्रकरणात दाव्याचे ठिकाण कोणते, यावर न्यायमूर्तींत मतभेद झाले. पण संबंधितांना आगाऊ सूचना आणि न्यायालयात जाण्याची वाजवी संधी मिळालीच पाहिजे, यावर नऊही न्यायमूर्तींचे एकमत होते.

चौथी मर्यादा : नागरिकत्व

नागरिकाला मायदेशाचे दार बंद करता येत नाही. सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेल्या वोंग किम आर्क याला चीनहून परतताना अडवले, तेव्हा १८९८ मध्ये न्यायालयाने तो चौदाव्या घटनादुरुस्तीनुसार जन्माने नागरिक असल्याचा निर्णय दिला.

या इतिहासात भारतीयांचेही एक प्रकरण आहे. भगतसिंग थिंद यांना १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘श्वेतवर्णीय’ नसल्याच्या कारणावरून नागरिकत्व नाकारले. त्यापाठोपाठ सरकारने आधीच नागरिक झालेल्या भारतीयांचे नागरिकत्व काढून घेण्याची मोहीम उघडली. थिंद यांचे वकील सखाराम गणेश पंडित हे १९१४ मध्ये नागरिक झाले होते. त्यांच्यावरही खटला भरण्यात आला. १९२६ मध्ये अपील न्यायालयाने पंडितांच्या बाजूने निकाल दिला. एका न्यायालयाने अंतिम निवाड्याने दिलेले नागरिकत्व सरकारला मागाहून असे उकरून काढता येणार नाही, हे त्याचे सार. भारतीयांना नागरिकत्वाचा हक्क मिळण्यास १९४६ चा कायदा यावा लागला.

जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांनी जन्मसिद्ध नागरिकत्वावर मर्यादा घालणारा आदेश काढला. आई एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असेल आणि वडील नागरिक वा ग्रीन कार्डधारक नसतील, तर त्यांच्या अपत्यालाही तो लागू होणार होता. जिल्हा न्यायालयांनी तो रोखला. जून २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशव्यापी स्थगिती देण्याचा जिल्हा न्यायालयांचा अधिकार संकुचित केला. तेव्हा न्यू हॅम्पशायरमधील न्यायालयाने सामूहिक दाव्याच्या मार्गाने तो पुन्हा रोखला. डिसेंबर २०२५ मध्ये आदेशाच्या वैधतेचा मूळ प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने सुनावणीसाठी घेतला.

शुल्क की कर?

एच-१बीच्या एक लाख डॉलरचा वाद या पार्श्वभूमीवर पाहावा लागतो. विरोधकांचे म्हणणे असे, की एवढी रक्कम म्हणजे करच होय आणि कर बसवण्याचा अधिकार संसदेचा आहे. शिवाय या व्हिसाची संख्या, शुल्क व अटी संसदेने कायद्यात तपशीलवार ठरवल्या आहेत. सरकारचे उत्तर असे, की प्रवेश पूर्णपणे थांबवण्याचा अधिकार असेल तर सशर्त प्रवेश देण्याचाही असलाच पाहिजे. जून २०२० मध्ये एच-१बीसह काही व्हिसांवर बंदी आली होती, तेव्हा कॅलिफोर्नियाच्या न्यायालयाने, देशांतर्गत रोजगार धोरणासाठी कलम २१२ (एफ) वापरता येत नाही, असे म्हणून फिर्यादी संघटनांना दिलासा दिला होता. डिसेंबर २०२५ मध्ये वॉशिंग्टनच्या न्यायालयाने मात्र एक लाख डॉलरची अट वैध ठरवली. फिर्यादी अपिलात गेले.

या साऱ्या निर्णयांतून दिसते ते असे, की अध्यक्षांचा हेतू तपासण्यास अमेरिकी न्यायालये फारशी उत्सुक नसतात. कायद्याचे शब्द, दिलेली कारणे आणि सुनावणीची संधी यांबाबत मात्र ती आग्रही राहतात. परदेशात बसून व्हिसाची वाट पाहणाऱ्याला या संरक्षणाचा लाभ सर्वांत कमी. त्याच्यासाठी दार किती उघडे राहील, हे अखेर अमेरिकी संसदेने अध्यक्षांच्या हाती किती अधिकार ठेवला आहे यावर ठरते; आणि कलम २१२ (एफ) मधील तो विस्तृत अधिकार संसदेने १९५२ पासून कमी केलेला नाही.