‘वय झालं’ हे निदान नव्हे

मुलांसाठी वेगळे वैद्यक, मग वृद्धांसाठी का नको? या विचारातून अमेरिकेत नाशर यांनी १९०९ साली ‘जेरिअ‍ॅट्रिक्स’ हा शब्द घडवला. १९३५ पासून लंडनमध्ये मार्जरी वॉरेन यांनी अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांना नीट तपासले. उपचार व व्यायामाने कित्येक जण चालत घरी गेले.

अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात लोणीला १९८४ साली ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय निघाले, तेव्हा या विषयाची एम.डी. पदवी देशात कुठेच नव्हती. ती १९९६ साली मद्रासला सुरू झाली.

वेगळे शिक्षण कशाला? म्हातारपणी न्यूमोनियात ताप येईलच असे नाही. कधी माणूस नुसता बरळतो. ‘वय झालं’ म्हणून सोडून दिले, तर बरा होणारा आजार जीव घेतो.