देवाची निवड आणि डॉर्टची धर्मसभा

मुलाच्या जन्मानंतर सटवाई येते आणि कपाळावर अक्षरे लिहून जाते, हे आपण सगळ्यांनी आजीच्या तोंडून ऐकलेले आहे. ख्रिस्ती धर्मातही याच्या जवळचा वाटेल असा एक विचार आहे. पण श्रोतेहो, फरक मोठा आहे. सटवाई लिहिते ते या जन्मातले. तिथला प्रश्न आहे मरणानंतरचा. तरणार कोण?

याकोब आणि एसाव हे जुळे भाऊ. त्यांनी बरेवाईट काही करण्याआधी, आईच्या पोटात असतानाच देवाने एकाला निवडले, असे संत पौलाने रोमच्या मंडळीला लिहिले. मडक्याने कुंभाराला जाब विचारायचा नसतो, असेही तो म्हणतो. यावरून पाचव्या शतकात ऑगस्टीनने आणि सोळाव्या शतकात जिनिव्हाच्या कॅल्विनने सिद्धांत उभा केला: कोण तरणार हे देवाने सृष्टीच्या आधीच ठरवले आहे. ऐकायला हे कठोर वाटते, मलाही वाटते. पण धर्मासाठी घरदार सोडून पळालेल्या माणसाला यातच धीर होता. आपला उद्धार आपल्या तोकड्या बळावर टांगलेला नाही, देवाने एकदा धरलेला हात तो सोडणार नाही, असे त्याला वाटे.

पुढे हॉलंडात लायडनच्या विद्यापीठात दोन प्राध्यापकांचे यावरून बिनसले. आर्मिनियस म्हणे, कोण विश्वास ठेवील हे देव आधीच जाणतो आणि त्यांना निवडतो. गोमारस म्हणे, छे! विश्वास हेच निवडीचे फळ. आता प्राध्यापकांचे भांडण म्हणजे फार तर स्टाफरूम तापायची. इथे देश तापला. आर्मिनियस 1609 साली वारला. 1610 साली त्याच्या अनुयायांनी पाच कलमांचा अर्ज सरकारपुढे ठेवला. वयोवृद्ध मुत्सद्दी ओल्डनबार्नेफेल्ट त्यांच्या बाजूचा, तर सेनापती मॉरिस 1617 साली उघडपणे विरुद्ध पक्षाला मिळाला. स्पेनशी तह करावा की लढावे, अधिकार प्रांतांचा की मध्यवर्ती सत्तेचा, ही जुनी दुखणी होतीच. ती सगळी त्या पाच कलमांना येऊन चिकटली.

नोव्हेंबर 1618 मध्ये डॉर्ट गावी धर्मसभा भरली. इंग्लंड, स्वित्झर्लंड, जर्मनी इथून पंडित आले. आर्मिनियसच्या लोकांना चर्चेला नव्हे, आरोपी म्हणूनच बोलावले होते. जानेवारीत त्यांना बाहेर काढले. पाचही कलमे फेटाळली गेली आणि सुमारे दोनशे धर्मोपदेशकांच्या जागा गेल्या. 13 मे 1619 रोजी हेग येथे एकाहत्तर वर्षांच्या ओल्डनबार्नेफेल्टचे मस्तक उडवले गेले. आरोप राजद्रोहाचा होता, निवडीच्या सिद्धांताचा नव्हे; पण त्या दिवशी हा फरक कितीजणांना कळला असेल?

त्याचा सोबती, थोर कायदेपंडित ग्रोशियस, याला जन्मठेप झाली. लुवेस्टाइनच्या किल्ल्यात त्याच्याकडे पुस्तकांची मोठी पेटी येत-जात असे. 1621 साली त्याच्या बायकोने पुस्तकांऐवजी त्यालाच पेटीत घातले. उचलताना एक शिपाई कुरकुरला, “केवढी जड! आत एखादा आर्मिनियन तर नाही ना?” असे सांगतात. पेटी किल्ल्याबाहेर गेली.