नल बेटावरची गावं

पायथन शिकवताना हल्ली एक मंत्र सरसकट दिला जातो. एकात एक गुंतलेल्या डिक्शनरीतून काही काढायचं असेल तर चौकोनी कंस वापरू नका, गेटची साखळी लावा, प्रत्येक कडीला रिकामी डिक्शनरी डिफॉल्ट म्हणून द्या. प्रोग्रॅम कोसळणार नाही. हा पूर्वपक्ष इतका रुळलाय की त्याला कुणी प्रमाण विचारत नाही. माझं म्हणणं असं की तो स्वतःच्याच कसोटीवर टिकत नाही, आणि टिकतो तिथे जास्त घातक ठरतो.

जिओजेसन घ्या. गावं, रस्ते, नद्या नकाशासाठी पाठवायचं हे स्वरूप २०१६ साली आरएफसी ७९४६ या मानकात पक्कं झालं. त्यानुसार प्रत्येक फीचरला 'प्रॉपर्टीज' ही की हवीच, पण तिच्यापुढे नल असलेलं चालतं. पायथनमध्ये तो नल 'नन' होऊन येतो. आता मंत्राप्रमाणे लिहा:

फीचर.गेट('प्रॉपर्टीज', {}).गेट('नेम', '')

गेटचा डिफॉल्ट लागू होतो तो फक्त की नसेल तेव्हा. इथे की आहे. म्हणून पहिला गेट निमूटपणे नन देतो आणि दुसरा त्या ननवर आपटतो: अ‍ॅट्रिब्यूट-एरर, ननकडे 'गेट' नाहीच. डेटा नियमाबरहुकूम, कोड मंत्राबरहुकूम, आणि प्रोग्रॅम आडवा.

यावर ठरलेलं उत्तर येतं: मग 'ऑर' लावा. गेटने जे दिलं ते, नाहीतर रिकामी डिक्शनरी. मधल्या पातळीवर हे चालून जातं. पण हात सरावला की तोच ऑर शेवटच्या किमतीलाही लागतो, आणि ऑर नुसता ननच गिळत नाही. शून्य, रिकामी स्ट्रिंग, फॉल्स, सगळं गिळतो. महसुली भाषेत ज्याला बेचिराग गाव म्हणतात त्याची लोकसंख्या खरोखरच शून्य असते. 'लोकसंख्या ऑर माहिती नाही' असं लिहिलं की बेचिराग गाव माहिती नसलेलं होतं. उलट डिफॉल्ट म्हणून शून्य दिलं की ज्याचा आकडा आलाच नाही ते नांदतं गाव बेचिराग होतं. आकडा शून्य असणं, आकडा नन असणं आणि आकड्याची कीच नसणं, या तीन वेगळ्या बातम्या आहेत. मंत्र त्यांची एक करून टाकतो.

न्याय-वैशेषिकांनी अभावाला पुढे सातव्या पदार्थाचा मान दिला. अभाव कधी मोघम नसतो, हे त्यांनी फार चिकाटीने सांगितलं. तो कशाचा तरी असतो, तो प्रतियोगी. आणि कुठेतरी असतो, ते अधिकरण. 'भूतलावर घट नाही' यात दोन्ही आले. चौकोनी कंसांनी लिहिलेली ओळ मोडते तेव्हा की-एरर प्रतियोगी सांगते, म्हणजे कुठली की सापडली नाही ते. २०२२ सालच्या ३.११ आवृत्तीपासून पायथन त्या ओळीत नेमक्या कुठल्या कंसाशी घोडं अडलं तेही खुणेने दाखवतो. साखळी हे दोन्ही पुसते. शेवटी हातात एक रिकामी स्ट्रिंग उरते आणि ती कुठल्या पायरीवर जन्मली हे कुणी सांगू शकत नाही.

माझाच नमुना सांगतो. एका तालुक्याच्या गावांचा नकाशा करत होतो. काही गावांची जिओमेट्री नल होती. ऑर लावून 'सुधारलेल्या' माझ्या कोडने त्यांना डिफॉल्ट अक्षांश-रेखांश दिले: शून्य, शून्य. नकाशा उघडला तर तालुका कोपऱ्यात टिंबाएवढा आणि पडद्यावर निम्मी आफ्रिका. शून्य अक्षांश-रेखांशाचा बिंदू गिनीच्या आखातात पडतो. तिथे बेट नाही, नुसता समुद्र आहे. पण जगभरच्या नकाशांतली इतकी हरवलेली ठिकाणं तिथे येऊन पडतात की नकाशाकारांनी थट्टेने त्याला 'नल आयलंड' हे नावच देऊन टाकलंय. माझी गावं तिथे तरंगत होती म्हणून निदान दिसली. लोकसंख्येच्या रकान्यातली डिफॉल्ट शून्यं मात्र सरासरीत विरघळून गेली होती, आणि ती सरासरी चांगली पटण्यासारखी दिसत होती.

शंका येते: मग रात्री दोनला प्रोग्रॅम पडू द्यायचा का? नाही. पण पडणं आणि थापा मारणं याखेरीज तिसरा मार्ग आहे. डेटा बाहेरून आत येतो त्या उंबरठ्यावर प्रत्येक नोंद ट्रायमध्ये उघडा, की-एरर, इंडेक्स-एरर आणि टाइप-एरर तेवढेच पकडा, बिघडलेली नोंद कारणासकट बाजूला लिहा, पुढची घ्या. सरसकट एक्सेप्शन पकडू नका. ती साखळीचीच मावशी. डिफॉल्ट-डिक्ट हाही उपाय नव्हे: चौकोनी कंसाने नुसतं डोकावलं तरी तो नवी की तयार करून ठेवतो, आणि नंतर कुठली की मुळात होती ते कळत नाही. काहींना पेप ५०५ ची आस आहे. ननला वळसा घालणारी चिन्हं आणायचा हा प्रस्ताव २०१५ पासूनचा, लांबणीवर पडलेला. तो आला तरी ननपुरताच. नसलेल्या कीवर चौकोनी कंस मोडायचा तसाच मोडेल.

गेटशी माझं वैर नाही. सेटिंग्जच्या फाइलमध्ये टाइमआउट दिला नसेल तर त्याचा अर्थच 'तुमचं ठरलेलं घ्या' असा असतो. तिथे गेट आणि तीस सेकंद, बरोबर. नसण्याचा अर्थ ठाऊक आहे तिथे, शेवटच्या पायरीवर, डिफॉल्ट जरूर द्यावा. मधल्या पायऱ्यांवरची रिकामी डिक्शनरी मात्र कसलाच अर्थ सांगत नाही.

तो नकाशा मी पुन्हा केला, कंसांनी. लोकसंख्येचा आकडाच नसलेल्या अकरा गावांची यादी वेगळी निघाली. तालुक्याला फोन करून एकेक विचारलं. तीन खरोखर बेचिराग होती. उरलेल्या आठांपैकी एका गावाचं नाव घेताच पलीकडचे भाऊसाहेब हसले. ते स्वतः तिथलेच होते.