मांगा नियतकालिके

मांगा नियतकालिके : जपानमध्ये चित्रकथा क्रमशः प्रसिद्ध करणारी साप्ताहिके, पाक्षिके व मासिके. ‘मांगा’ ही जपानी संज्ञा व्यंगचित्र, चित्रपट्टिका व दीर्घ चित्रकथा ह्या सर्वांना लावली जाते [→ व्यंगचित्र]. ह्या नियतकालिकांची मुख्य वर्गवारी विषयावरून नव्हे, तर वाचकाचे वय व लिंग यांवरून केली जाते. मुलगे (शोनेन), मुली (शोजो), तरुण व प्रौढ पुरुष (सेइनेन), प्रौढ स्त्रिया (जोसेई) आणि लहान मुले (कोदोमो) हे तिचे पाच प्रमुख वर्ग होत. एखादी कथा कोणत्या वर्गातील, हे तिच्या आशयापेक्षा ती प्रथम ज्या अंकात छापली गेली, त्यावरून ठरते. वयाने वाढणारा वाचक हातचा जाऊ नये, म्हणून प्रकाशकांनी मूळ नियतकालिकांना शाखा फोडल्या आणि त्या शाखांतून जगातील सर्वांत मोठा चित्रकथा-व्यवसाय उभा राहिला. वाचकांनी मात्र आपल्यासाठी आखलेल्या ह्या मर्यादा नेहमीच पाळल्या असे नाही.

मुलगे व मुली ही विभागणी मांगाहून जुनी आहे. मेजी काळात प्राथमिक शिक्षणानंतर मुलामुलींच्या शाळा वेगळ्या झाल्या, तशीच त्यांची मासिकेही वेगळी झाली. हाकुबुंकान ह्या प्रकाशनसंस्थेने शोनेन सेकाइ (म. शी. ‘मुलांचे जग’) १८९५ मध्ये व शोजो सेकाइ (म. शी. ‘मुलींचे जग’) १९०६ मध्ये सुरू केले. कोदान्शाच्या शोनेन क्लब (१९१४) आणि शोजो क्लब (१९२३) ह्या मासिकांनी हाच कित्ता गिरवला. त्यांत कथा-कादंबऱ्यांना प्राधान्य असे; चित्रकथा हे तोंडी लावणे होते. तथापि शोनेन क्लबमधील सुइहो तागावा (१८९९–१९८९) यांच्या नोराकुरो (१९३१–४१) ह्या चित्रकथेने हे प्रमाण बदलू शकते असे दाखवून दिले. सैन्यात भरती होऊन पदोन्नती मिळवत जाणारा एक अनाथ काळा कुत्रा हा तिचा नायक. युद्धकाळात शासनाच्या दडपणामुळे ती बंद पडली.

शोगाकुकान ह्या संस्थेने १९२२ पासून वेगळी वाट धरली. तिने शालेय इयत्तांनुसार मासिके काढली. वाचकाचे वय इतक्या काटेकोरपणे मोजण्याची कल्पना मूळची शैक्षणिक होती. मांगाला ती पुढे फार उपयोगी पडली. फुजिको एफ. फुजिओ (१९३३–९६) यांची डोरेमॉन ही कथा जानेवारी १९७० च्या अंकांपासून शोगाकुकानच्या सहा मासिकांत एकाच वेळी सुरू झाली : दोन शाळापूर्व वयाच्या मुलांची व चार पहिली ते चौथीची. प्रत्येक इयत्तेसाठी लेखकाने वेगळी कथा रचली. पुढे ह्या विखुरलेल्या कथा एकत्र देण्यासाठी १९७७ मध्ये कोरोकोरो कॉमिक हे जाडजूड मासिक निघाले. भारतीय मुलांना डोरेमॉन दूरचित्रवाणीवरून परिचित झाला. त्याचे मूळ इयत्तावार मासिकांत आहे, ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर कागद दुर्मिळ व पैसा त्याहून दुर्मिळ होता. ओसाकाकडील स्वस्त ‘लाल पुस्तके’ (आकाहोन) व भाड्याने पुस्तके देणारी दुकाने यांवर मुलांची भूक भागे. ओसामु तेझुका (१९२८–८९) यांचे शिन ताकाराजिमा (१९४७) हे अशाच पुस्तकांपैकी एक. त्यांच्यासारखे चित्रकार लवकरच टोकियोच्या मासिकांकडे वळले. मांगा शोनेन (१९४७–५५), शोनेन (१९४६–६८) ही मासिके आणि मुलींसाठी नाकायोशी (१९५४) व रिबोन (१९५५) ही ह्या काळातील ठळक नावे होत. अंकाबरोबर छोट्या पुस्तिका जोडल्या जात व मुख्य अंकात अर्धवट राहिलेली कथा त्यांत पुरी होई. १९५५ मध्ये पालकांनी व शिक्षकांनी ‘वाईट पुस्तकां’विरुद्ध मोहीम उघडली. चित्रकथा म्हणजे लहान मुलांचेच वाचन, हे त्या मोहिमेचे गृहीतक होते. ते पुढील दहा-पंधरा वर्षांतच कालबाह्य ठरले.

दूरचित्रवाणी १९५३ मध्ये आली व घरातील करमणुकीचे वेळापत्रक आठवड्याचे झाले. मासिकांना ही गती झेपेना. १७ मार्च १९५९ रोजी कोदान्शाचे शोनेन मॅगझिन व शोगाकुकानचे शोनेन संडे ही दोन साप्ताहिके एकाच दिवशी बाजारात आली. एकाच्या मुखपृष्ठावर सुमो मल्ल आसाशिओ, तर दुसऱ्याच्या मुखपृष्ठावर बेसबॉलपटू शिगेओ नागाशिमा होता. आरंभी त्यांत लेख व माहितीपर मजकूरही बराच असे. चित्रकथांनी तो हळूहळू बाजूला सारला. मुलींसाठी शोजो फ्रेंड व मार्गारेट ही साप्ताहिके १९६३ च्या सुमारास निघाली.

पुढील घडामोडींचे कारण मुख्यतः लोकसंख्येत आहे. १९४७ ते १९४९ ह्या तीन वर्षांत जपानमध्ये विक्रमी संख्येने मुले जन्मली. पहिली साप्ताहिके निघाली तेव्हा ही पिढी दहा-बारा वर्षांची होती. १९६८ मध्ये ती विशीत पोहोचली; पण तिने मांगा सोडला नाही. शोनेन मॅगझिनचा खप १९६६ च्या अखेरीस दहा लाखांवर गेला, तो ह्याच वाचकांच्या बळावर. त्यातील क्योजिन नो होशी (१९६६–७१) ही बेसबॉलकथा विद्यार्थ्यांत अतिशय लोकप्रिय होती. तिचेच रूपांतर असलेली सूरज : द रायझिंग स्टार ही सचेतपट-मालिका २०१२ मध्ये भारतीय दूरचित्रवाणीवर आली. तीत बेसबॉलच्या जागी क्रिकेट व टोकियोच्या जागी मुंबई होती. आशिता नो जो (१९६८–७३; म. शी. ‘उद्याचा जो’) ही मुष्टियोद्ध्याची कथाही शोनेन मॅगझिनमधलीच. तिच्यातील रिकिइशी हा प्रतिस्पर्धी मरण पावतो, तेव्हा नाटककार शुजी तेरायामा (१९३५–८३) यांच्या पुढाकाराने २४ मार्च १९७० रोजी कोदान्शाच्या इमारतीत त्याचा अंत्यविधी झाला. सुमारे सातशे लोक त्यास उपस्थित होते. मुलांच्या साप्ताहिकातील काल्पनिक पात्रासाठी शोक करणाऱ्यांत तरुण मंडळी मोठ्या संख्येने होती, हे लक्षणीय आहे.

ह्या प्रौढ होत चाललेल्या वाचकांसाठी मांगा ॲक्शन (१९६७) व बिग कॉमिक (१९६८) ही नियतकालिके निघाली. ताकाओ साइतो (१९३६–२०२१) यांची गोल्गो १३ ही कथा बिग कॉमिकमध्ये १९६८ पासून चालू असून लेखकाच्या मृत्यूनंतरही ती खंडित झालेली नाही. तत्पूर्वी १९६४ मध्ये गारो हे मासिक सांपेइ शिराटो (१९३२–२०२१) यांच्या कामुइ-देन ह्या शेतकरी-विद्रोहाच्या कथेसाठी काढण्यात आले होते. त्याचा खप बेताचा, पण प्रतिष्ठा मोठी होती. पिढीबरोबर वाढण्याची सर्वांत बोलकी साक्ष मॉर्निंग (१९८२) ह्या नियतकालिकात मिळते. १९४७ मध्ये जन्मलेल्या केंशी हिरोकाने यांचा शिमा कोसाकु हा नायक १९८३ मध्ये विभागप्रमुख झाला, २००८ मध्ये कंपनीचा अध्यक्ष व नंतर सल्लागार झाला. त्याचे वय वाचकांच्या वयाबरोबर वाढत गेले.

शाखाविस्ताराची दोन साधने होती : ‘झोकान’ म्हणजे जादा अंक आणि ‘बेस्सात्सु’ म्हणजे स्वतंत्र जोडपुस्तक. नव्या नियतकालिकाला वितरणासाठी स्वतंत्र सांकेतिक क्रमांक मिळवावा लागे. जादा अंक मात्र मूळ नियतकालिकाच्या क्रमांकाखाली विकता येई. न खपलेल्या प्रती प्रकाशकाकडे परत येत असल्याने नवा वाचकवर्ग अजमावण्याचा हा स्वस्त मार्ग ठरला. अंक चालला, तर त्याला स्वतंत्र नाव मिळे. बिग कॉमिकचा १९७२ मधील जादा अंक पुढे बिग कॉमिक ओरिजिनल झाला; त्याच कुळात स्पिरिट्स (१९८०) व सुपीरिअर (१९८७) यांची भर पडली. हाना तो युमे (१९७४) पासून लाला (१९७६) निघाले. यंग जंप (१९७९) चा १९९५ मधील जादा अंक १९९९ मध्ये अल्ट्रा जंप नावाने स्वतंत्र झाला. प्रकाशनगृहांची अशी वंशावळ पाहिली, म्हणजे एकाच मनुष्याच्या बाल्यापासून निवृत्तीपर्यंतचे टप्पे क्रमाने मांडल्याचा भास होतो.

ह्या सर्वांत शुएइशाचे शोनेन जंप (१९६८) सर्वांत यशस्वी ठरले. नामवंत चित्रकार प्रतिस्पर्ध्यांकडे असल्याने त्याने नवोदितांना हाताशी धरले. अंकातील पत्रावर वाचक आपल्या तीन आवडत्या कथा कळवत. ज्या कथेला मते मिळत नसत, ती काही आठवड्यांत बंद केली जाई. हिशेब निष्ठुर होता, परंतु त्यामुळे संपादकाच्या अंदाजाऐवजी मुलांच्या पसंतीला वजन आले. १९९५ च्या आरंभी एका अंकाची छपाई ६५ लाख ३० हजारांवर गेली. ह्या पद्धतीला न मानवणारी उत्तम कथाही असते. हिरोशिमातील अणुबाँब-हल्ल्यातून वाचलेले केइजी नाकाझावा (१९३९–२०१२) यांची आत्मचरित्रात्मक हादाशी नो गेन (म. शी. ‘अनवाणी गेन’) शोनेन जंपमध्ये १९७३ ते १९७४ पर्यंतच चालली. पुढील भाग प्रौढांच्या वैचारिक नियतकालिकांत, अखेरीस शिक्षकसंघटनेच्या मासिकात आले. पुस्तकरूपात ती शाळांच्या ग्रंथालयांत पोहोचली व ज्या मुलांच्या साप्ताहिकातून ती गेली होती, त्याच वयाच्या मुलांनी ती पिढ्यान्‌पिढ्या वाचली.

मुलींच्या नियतकालिकांतील परिवर्तन अधिक मूलगामी होते. आरंभी त्यांत पुरुष चित्रकारच प्रमुख होते. तेझुका यांची रिबोन नो किशी ही कथा १९५३ मध्ये शोजो क्लबमध्ये सुरू झाली. १९७० च्या सुमारास मोतो हागिओ, केइको ताकेमिया, रियोको इकेदा (१९४७–     ) इ. तरुण लेखिका पुढे आल्या. त्या ह्याच अंकांच्या वाचक म्हणून वाढल्या होत्या. इकेदा यांची बेरुसायु नो बारा (म. शी. ‘व्हर्सायचा गुलाब’) ही फ्रेंच राज्यक्रांतीवरील कथा मार्गारेटमध्ये १९७२-७३ मध्ये आली व १९७४ मध्ये ताकाराझुका ह्या स्त्री-नाट्यसंस्थेने ती रंगभूमीवर आणली. तिची नायिका पुरुषवेषात वाढलेली सेनाधिकारी आहे. विवाहित व नोकरदार स्त्रियांसाठी १९८० पासून बी लव्ह यासारखी स्वतंत्र नियतकालिके निघाली, म्हणजे पुरुषांसाठी ती निघाल्यानंतर तब्बल एका तपाने. दरम्यान मुलींनी मुलांची साप्ताहिके वाचण्यास आरंभ केला होता. शोनेन जंपमधील कॅप्टन त्सुबासा (१९८१–८८) ह्या फुटबॉलकथेवर हौशी पुस्तिका काढण्यात मुली व तरुणीच आघाडीवर होत्या. अशा पुस्तिकांचा बाजार टोकियोत १९७५ पासून भरत असे. मुखपृष्ठावरील ‘शोनेन’ हा शब्द त्यांना अडवू शकला नाही.

हे अंक जाडेभरडे, पुनर्वापरित कागदावर छापलेले व वाचून टाकून देण्याजोगे असत. जपून ठेवायची ती नंतर निघणारी पुस्तके. १९९५ नंतर अंकांचा खप घसरत गेला आणि २००५ मध्ये पुस्तकांच्या विक्रीने अंकांच्या विक्रीला मागे टाकले. २०१९ पर्यंत अंकीय मांगाची उलाढाल छापील मांगाहून अधिक झाली. शुएइशाने २०१४ मध्ये जंप प्लस ही भ्रमणध्वनीवरील सेवा सुरू केली. अनेक शाखा मिटल्या : मुलांचे कॉमिक बोमबोम २००७ मध्ये बंद पडले, तर बिझनेस जंप व सुपर जंप ही २०११ मध्ये एकत्र येऊन ग्रँड जंप निघाले. शोगाकुकानच्या इयत्तावार मासिकांपैकी पाचवी-सहावीची २०१० पर्यंत, तिसरी-चौथीची २०१२ पर्यंत व दुसरीचे २०१७ पर्यंत बंद झाले. पहिलीचे तेवढे टिकले.